नव्या रबराचा वास घरात मावेना, तेव्हा कोणतं रबर घ्यावं?

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही ऐरोलीला वन बीएचकेमध्ये राहता. मुलगा तेरा वर्षांचा, वाशीच्या एका क्लबमध्ये टेबल टेनिस खेळतो. आतापर्यंत दुकानातली तयार बॅट होती, आता सरांनी ब्लेड, म्हणजे बॅटची लाकडी फळी, वेगळं आणि त्यावर चिकटवायची रबरं वेगळी घ्यायला सांगितली: फोरहँडला हरिकेन ३ निओ हे चिनी रबर, बॅकहँडला एक जर्मन टेन्सर, म्हणजे घडवतानाच ताण बसवलेलं रबर. पाकिटं फोडली आणि घरभर वास सुटला. सासऱ्यांना दमा आहे, रात्री त्यांना खोकल्याची उबळ आली. आता दोन्ही रबरं पिशवीत गाठ मारून गॅलरीत ठेवलीत. तुमचं विचारणं असं की बिनवासाचं रबर मिळतं का, आणि ते घेतलं तर पोराचा खेळ मागे पडेल का.

अगदी बिनवासाचं रबर नसतं. पण दोन-चार दिवसांत वास बसेल आणि नाक जवळ नेल्याशिवाय कळणार नाही, अशी रबरं आहेत आणि चांगली आहेत. खेळाचं म्हणाल तर या वयाला मी तीच रबरं सुचवली असती, सासऱ्यांना दमा नसता तरीही. का, ते सांगतो.

रबराच्या शीटमध्ये दोन थर असतात. वरचं टॉपशीट, ज्यावर बॉल लागतो, आणि त्याखालचा स्पंज. रबर पक्कं करताना त्यात गंधक आणि इतर रसायनं घालून ते तापवतात, त्यामुळे नव्या सायकलच्या ट्यूबला येतो तसा थोडा वास प्रत्येक रबराला असतोच. त्याचा फारसा त्रास नाही. घर व्यापणारा, डोकं धरायला लावणारा जो वास तुम्ही म्हणता, तो बहुतेक वेळा स्पंजमध्ये मुरवलेल्या तेलाचा असतो. आणि ते तेल तिथे मुद्दाम घातलेलं असतं.

यामागे थोडा इतिहास आहे. २००८ पर्यंत मोठे खेळाडू मॅचच्या आधी स्पंजला स्पीड ग्लू लावायचे. त्यातल्या विद्रावकाने स्पंज फुगायचा, टॉपशीट ताणलं जायचं, बॉल सुसाट सुटायचा आणि बॅटवर 'टक्' असा कोरडा, टणक आवाज यायचा. स्पर्धेच्या हॉलबाहेर पॅसेजमध्ये डबे उघडे टाकून ओळीने ग्लू लावत बसलेली मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या नाकातून तो वास अजून गेलेला नाही. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने, म्हणजे आयटीटीएफने, आरोग्याच्या कारणावरून १ सप्टेंबर २००८ पासून असे ग्लू बंद केले. बीजिंग ऑलिंपिक नुकतंच आटोपलं होतं. पण स्पीड ग्लूची उडी एकदा हाताला लागलेल्या खेळाडूंना ती सोडवेना. मग कंपन्यांनी तोच परिणाम कारखान्यातूनच द्यायचा असा चंग बांधला. बटरफ्लाय या जपानी कंपनीचं टेनर्जी ०५ हे रबर त्याच वर्षी बाजारात आलं. जर्मन टेन्सर रबरं आधीपासून होती, त्यांना भाव आला. चिनी कंपन्यांनी आपल्या कडक, चिकट रबरांचा स्पंज कारखान्यातच तेलावर 'ट्यून' करून विकायला घेतला. हरिकेन ३ निओ त्याच जातीचं.

तुमच्या गॅलरीतलं निओचं शीट एकदा हातात घेऊन बघा. सपाट नसेल. स्पंजच्या बाजूला पोट आलेलं आणि कडा टॉपशीटकडे वळलेल्या दिसतील. स्पंज तेल पिऊन फुगलाय, टॉपशीट तेवढं वाढलेलं नाही, म्हणून ते असं वाकतं. हे वाकणं ओसरेल तसा वासही ओसरत जाईल, आणि रबराची उडीही. ट्यून केलेल्या रबरात ज्या वासाचा तुम्हाला त्रास होतोय त्यातच रबराची बरीचशी जान आहे, त्यामुळे 'वास तेवढा घालवून द्या, बाकी रबर तसंच राहू दे' हा सौदा जमत नाही. टेन्सरमध्ये ताण रबर घडवतानाच बसवलेला असतो, त्यामुळे हवा खाऊन ते एवढं मरत नाही. मात्र नवं असताना वास त्यालाही दणदणीत असतो, काहींना गोडसर, फळासारखा. टेनर्जीला स्वतःचा एक वेगळाच वास आहे. पाकीट उघडून तो मनापासून हुंगणारे खेळाडू मी पाहिलेत, आणि त्याच वासाने खिडकीकडे धावणारेही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे तब्येतीबद्दल एवढंच सांगेन: वास उग्र म्हणजे विषारीच असं नव्हे, पण उग्र वासाने दमा उसळू शकतो. सासऱ्यांना एकदा त्रास झालाय, तेव्हा 'होईल सवय' म्हणून बघायला जाऊ नका. आणि मुलाच्या तळहाताला खाज, चट्टे असं काही होत असेल तर तो विषय वासाचा नाही, रबराच्या चिकाच्या ॲलर्जीचा असू शकतो. तिथे रबर बदलत बसण्यापेक्षा आधी डॉक्टरांना दाखवा.

आता निवड. मुलगा तयार बॅटवरून पहिल्यांदाच स्वतंत्र ब्लेडवर येतोय, तर माझं पहिलं नाव यासाकाचं मार्क व्ही. १९६९ पासून विकलं जातंय. दुसरं बटरफ्लायचं स्रायव्हर, तेही साठच्या दशकातलं. दोन्हींमध्ये कारखान्यातून भरलेलं तेल नाही. वास आहे तो साध्या रबराचा. स्पंज १.८ मिलिमीटरचा घ्या, फार तर २.०. मॅक्स, म्हणजे सगळ्यात जाड, घेऊ नका. स्पंज जाड तसा वेग जास्त, आणि तेराव्या वर्षी वेगापेक्षा बॉल आपल्या मनाप्रमाणे टेबलावर पडणं मोलाचं. दोन्ही बाजूंना एकच रबर लावलं तरी चालेल, एक लाल आणि एक काळं. (रंगाचंही विचारतात लोक. २०२१ च्या ऑक्टोबरपासून काळ्याच्या जोडीला लालऐवजी निळं, हिरवं, गुलाबी, जांभळं चालतं. रंगाचा आणि वासाचा काही संबंध नाही.)

ही 'जुनाट' रबरं ऐकून क्लबमधली मोठी पोरं नाक मुरडतील. मुरडू द्या. टेन्सरवर अर्धवट स्ट्रोक मारला तरी बॉल उडून पलीकडे जातो, त्यामुळे शिकणाऱ्या पोराला वाटतं आपला लूप, म्हणजे टॉपस्पिनचा फटका, झाला. मार्क व्हीवर कंबर, खांदा, कोपर सगळं कामाला लावल्याशिवाय बॉल तसा जात नाही. स्ट्रोक चुकला की रबर लगेच सांगतं. दीड-दोन वर्षं त्यावर घासलेला मुलगा पुढे टेन्सरवर गेला की त्याचा हात वेगळाच दिसतो. हे काही मी वासासाठी जुळवून सांगत नाही, ठाण्यात इतकी वर्षं पोरांच्या बॅटा बांधून दिल्या, दमा नसलेल्या घरांनाही हेच सांगत आलोय.

सरांचा आग्रह चिकट, चिनी पद्धतीच्या रबराचाच असेल तर मध्यममार्ग आहे. फ्रेंडशिप ७२९ मालिकेतली साध्या, मऊ स्पंजवरची रबरं बघा. टॉपशीट चिकट, स्पिन भरपूर, आणि वास निओच्या मानाने बराच कमी. साधं हरिकेन ३, म्हणजे 'निओ' न लिहिलेलं, मात्र घेऊ नका. ते ट्यून केलेलं नसतं हे खरं, म्हणून वासाच्या हिशेबाने ते बरं वाटेल. पण त्याचा स्पंज इतका कडक की तेरा वर्षांच्या हाताला ते लाकूडच वाटणार. मग दोन आठवड्यांत क्लबमधलं कुणीतरी म्हणणार, 'अरे, थोडं ऑइल मार, मस्त चालेल.' आणि तुमच्या घरात बूस्टरची बाटली येणार.

हा बूस्टर घरात येऊ देऊ नका. स्पंज फुगवण्यासाठी वरून लावायचं ते तेल असतं. थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर मुरायला एकेक दिवस ठेवायचं, आणि काही आठवड्यांनी असर उतरला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे वासाचं चक्र कधी संपतच नाही. शिवाय ते नियमात बसत नाही. रबरावर कसलीही भौतिक, रासायनिक किंवा इतर प्रक्रिया न करता ते वापरायचं, असं आयटीटीएफचा नियम सांगतो. मोठ्या पातळीवरही लोक लावतात हे उघड गुपित आहे, आपल्याकडच्या जिल्हा स्पर्धांत तपासायला यंत्र नसतं हेही सगळ्यांना माहीत आहे. पण तेवढ्यावरून तेरा वर्षांच्या पोराला ते शिकवावं असं मला वाटत नाही. तुमच्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत ताज्या बूस्टरची बॅट कधी कुणी पिशवीतून काढली तर आजूबाजूची माणसं आपोआप सरकतात, तेवढं मात्र खरं.

जर्मन टेन्सरबद्दल. तुम्ही कोणतं घेतलंत ते लिहिलेलं नाही, पण फारसं बिघडत नाही. यातली बरीच रबरं वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनी विकली जात असली तरी बनतात जर्मनीतल्या ईएसएन या एकाच कंपनीच्या कारखान्यात. एका ब्रँडचं सोडून दुसऱ्याचं घेतलं की वास जाईल, असं होईलच असं नाही. पाकिटावर कडकपणाचे अंश लिहिलेले असतात, ४२, ४५, ४७ असे. त्यावरून वासाचा अंदाज बांधू नका. चिनी आणि जर्मन अंशांची तुलनाही करू नका, दोन्हींची मोजपट्टी वेगळी. चिनी ३९ हा जर्मन ४५ पेक्षा मऊ, असं वाटून फसलेले पुष्कळ आहेत.

दुकानात पाकीट फोडून हुंगता येत नाही, आणि हल्ली निम्मी खरेदी ऑनलाइन. त्यामुळे पाकिटावरचे शब्द वाचायची सवय लावा. 'निओ', 'ट्यून्ड', 'बूस्टेड', 'प्री-ट्यून्ड' यातलं काही दिसलं की तुमच्या घरासाठी ते बाद. नकली मालापासूनही सांभाळा. अर्ध्या किमतीत टेनर्जी कुणी देत नाही, आणि नकली शीटचा वास कसला असेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. खऱ्या, मान्यताप्राप्त रबरावर मुठीच्या बाजूला आयटीटीएफचं चिन्ह आणि आकडा उठवलेला असतो. तो आयटीटीएफच्या मान्य रबरांच्या यादीशी ताडून बघता येतो.

आणखी एक वाट आहे, ती फार कमी पालकांना सुचते. क्लबमधल्या एखाद्या मोठ्या, बूस्टर न लावणाऱ्या खेळाडूकडून दोन-तीन महिने खेळलेलं रबर घ्यायचं. तो टॉपशीट थोडं घासलं की बदलतो, तुमच्या मुलाला ते अजून बरेच दिवस पुरतं. वास तोवर उडून गेलेला असतो. टेन्सर वापरून बघायची मुलाला फारच हौस असेल तर या वाटेने बघू दे. फक्त 'बूस्टर लावला होता का' हे तोंडावर विचारून घ्या, आणि शीटचा आकार तुमच्या ब्लेडला पुरतो का ते बघा. कापलेलं रबर मोठं करता येत नाही.

हवा देण्याबद्दल. गाठ मारलेल्या पिशवीत ठेवलंत, तिथेच वास कोंडलाय. पिशवी उघडाल तेव्हा सगळा एकदम बाहेर येणार. रबर पुठ्ठ्यातून काढा, टॉपशीटवरची पातळ फिल्म राहू द्या, फिल्मची बाजू खाली आणि स्पंज वर करून सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. उन्हात नको, ऊन रबराला खातं. आयटीटीएफचीही शिफारस अशी की पाकीट फोडल्यावर ग्लू लावण्यापूर्वी रबर किमान ७२ तास हवेत ठेवावं. साध्या रबराला तेवढं बास होतं. टेन्सरला आठवडा द्या. निओसारख्याला दोन-तीन आठवडेही कमी पडतात, आणि पावसाळ्यात गॅलरीतल्या दमट, कोंदट हवेत आणखी. पण हे सगळं घरातच करायला हवं असं कुठे आहे? सरांना सांगून शीट क्लबच्या कपाटात उघडं ठेवा. पुढचं रबर जुनं संपायच्या महिनाभर आधी घ्या, म्हणजे घाई नाही.

स्पंजवर अत्तर, डिओ, रूम फ्रेशनर मारू नका. साबणाच्या पाण्यात बुडवू नका. खाण्याचा सोडा वाटीत घालून रबराशेजारी बंद डब्यात ठेवला तर थोडा वास ओढतो, पण पावडर स्पंजला लागू देऊ नका, नाहीतर पुढे ग्लू धरणार नाही. आणि कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांशेजारी ठेवलेलं रबर माझ्याकडे आलं होतं, त्याचा मिश्र वास वर्णन करायच्या पलीकडचा होता.

वासाचा निम्मा प्रश्न रबराचा, उरलेला ग्लूचा. रबर चिकटवायला पाण्यावर आधारलेला टेबल टेनिसचाच ग्लू वापरा. रबराच्या चिकापासून बनवलेल्या ग्लूमध्ये थोडा अमोनिया असतो, त्यामुळे बाटली उघडताच नाकात झणका जातो. पण तो सुकता सुकता उडून जातो. लावताना ग्लू दुधासारखा पांढरा असतो, सुकला की पारदर्शक होतो. स्पंज आणि ब्लेड दोन्हींवर पातळ थर द्यायचा, पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, आणि मग रबर एका कडेपासून हळूहळू टेकवत न्यायचं. वरून लाटणं फिरवलं तरी चालतं, फक्त दाबून ताणायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हा पांढरेपणा जायला खूप वेळ लागतो. घाई केली की आत ओल राहते, रबराखाली फुगे येतात, आणि अमोनियाही आत अडकतो. म्हणून पावसाळ्यात क्लबमध्ये पंख्याखाली लावा, बॅट दुसऱ्या दिवशी घरी आणा. अमोनियाही नको असेल तर दोन्ही बाजूंनी चिकट असलेली ग्लू शीट मिळते. तिला वास जवळजवळ नाही, पण रबर बदलताना ती ब्लेडवरून सोलायला फार छळते, कधी लाकडाचा पापुद्राही घेऊन येते.

पंक्चरवाल्याकडचं किंवा चपलांना लावतात ते सोल्यूशन मात्र कुणी सांगितलं तरी वापरू नका. काही दुकानदार अजूनही तेच फासून देतात, कारण पटकन धरतं. २००८ मध्ये जे बंद झालं त्याच घराण्यातलं ते आहे. बॅट बांधायला दिलीत तर कोणता ग्लू लावणार ते आधी विचारा आणि बाटली बघून घ्या.

साफसफाईला सुवासिक क्लिनर, फोम यांची गरज नाही. साधं पाणी, स्वच्छ ओला स्पंज, हलक्या हाताने एक पुसणं, आणि मग फिल्म. हॉलमध्ये तर सगळेच बॅटवर 'हाऽ' करून तळहाताने पुसतात, तेवढंही चालतं. बॅटचं कव्हरही तपासा. स्वस्त रेक्झिनच्या, आत फोम असलेल्या कव्हरांना रबरापेक्षा जास्त वास येतो, आणि दोष बिचाऱ्या रबराला जातो. मुलगा ओला टॉवेल त्याच बॅगेत कोंबत असेल तर पावसाळ्यात कुबट वास सुटतो. तो वेगळा, त्याला ऊन-वारा हाच इलाज, पण बॅगेला, बॅटला नव्हे. बॉलची काळजी नको. जुन्या सेल्युलॉइडच्या बॉलला कापराचा वास असायचा, कारण त्यात कापूरच असायचा. २०१४ पासून '४०+' लिहिलेले प्लास्टिकचे बॉल आले, त्यात तो प्रकार नाही.

आता गॅलरीतली दोन रबरं. निओ कापलं नसेल तर ते क्लबमधल्या एखाद्या सीनियर मुलाला विकून टाका, त्याला ते हवंच असेल, आणि शीट अखंड असल्याने बऱ्यापैकी पैसे परत येतील. टेन्सर मात्र विकायची घाई नको. सरांकडे ठेवा, पुठ्ठ्यातून काढून, उघडं. वर्षभराने मुलाचा बॅकहँड बसला की लावता येईल, तोवर त्याचा वासही बसलेला असेल. आणि सरांशी बोलताना 'वास येतो म्हणून बदलतोय' एवढंच म्हणू नका, ते 'सवय होईल' म्हणतील. घरात दम्याचा पेशंट आहे हे आधी सांगा आणि मग विचारा, 'सर, १.८ चं मार्क व्ही दोन्हीकडे लावलं तर चालेल का?' पोरांना शिकवणारा सहसा त्याला नाही म्हणणार नाही.